इंजिन कसं गेलं

बाबा, आमच्या गाडीचं इंजिन गेलं. ‘गेलं म्हणजे काय, पळून गेलं?’ असं तुम्ही विचारलं असतंत, म्हणून नीट सांगते. हे पानिपतला गेले होते, जुन्या ऑफिसातल्या मित्राच्या मुलीच्या लग्नाला. एकटेच, कारण माझ्या गुडघ्यांना हल्ली इतका वेळ गाडीत बसवत नाही. परत येताना सोनिपतच्या पुढे गाडी बंद पडली आणि क्रेनने ओढत थेट द्वारकेत, आमच्या सोसायटीमागच्या गॅरेजात आली. ह्यांचं एकच पालुपद, ‘अगं, चालता चालता अचानक बंद झाली. ना दिवा लागला, ना काही वाजलं.’ रिटायर झाल्यापासून गाडी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. ती दारात नसली की बाल्कनीत उभे राहून दुसऱ्यांच्या पार्किंगला नावं ठेवत बसतात.

गॅरेजवाल्याने पाण्याचा फाटलेला पाइप दाखवला आणि म्हणाला, ‘मैडम, पूरा इंजन खुलेगा.’ वर मजुरीचा आकडा असा सांगितला की माझं डोकंच फिरलं. मनात म्हटलं, थांब बाबा, मी कुणाची मुलगी आहे ते तुला ठाऊक नाही. सरकारी गाड्यांच्या दुरुस्तीची बिलं तपासण्यात तुमची हयात गेली. रविवारी तीच बिलं घेऊन तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसायचात, तिकडे आईची पोळी तव्यावर फुगतेय आणि इकडे तुम्ही मला शिकवताय. इंजिन न उघडता भाव सांगतो तो मेकॅनिक नव्हे, ज्योतिषी. आधी फक्त उघडायची मजुरी ठरवायची, मग आत काय झालंय ते आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि त्यानंतर बाकीचं बोलायचं. एका कामासाठी जे सुटं झालंच आहे, ते पुन्हा सुटं केल्याची मजुरी लावली तर सरळ खोडायची. आई करवादायची, ‘पोरीला काय गॅरेज काढून देणार आहात का?’

मी अगदी तसंच केलं. इंजिनावरचं हेड काढताना टायमिंग बेल्ट निघतोच, मग त्याची वेगळी मजुरी कसली, असं म्हटल्यावर तो हसला. ‘आप तो पुरानी खिलाड़ी हो,’ म्हणाला. खोटं कशाला बोलू, मी मनातून खूश झाले. मग त्याने उघडलेल्या हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवून मला वाकून बघायला सांगितलं. पट्टीखालून मधोमध उजेड येत होता. हेड चक्क वाकलं होतं, आणि सिलिंडरच्या आत उभे ओरखडे. म्हणजे पूर्ण इंजिनाचं काम निघालं होतं हे खरंच. ‘पाइप फटते ही रोक लेते तो गैसकेट में निपट जाता. ये तो लाल बत्ती जलने के बाद भी खूब चलाई है, मैडम,’ तो म्हणाला.

मी खेकसलेच त्याच्यावर. दिवाच गेला असेल, म्हटलं. त्याला बॅटरी जोडायला लावली आणि स्वतः जाऊन ह्यांच्या सीटवर बसले. चावी फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागतात ना, तसे लागले. इंजिन तापल्याचा लाल दिवाही लागला. मग म्हटलं, सेन्सर खराब असेल. त्याने बिचाऱ्याने चहासाठी ठेवलेल्या उकळत्या पाण्यात सेन्सर बुडवून दाखवला आणि समोर तापमानाची सुई सरसर वर चढली. तो माणूस लबाड निघावा म्हणून मी देवाचा धावा करत होते, बाबा. लुबाडले गेलो असतो तर भांडून मोकळी झाले असते.

घरी येऊन ह्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, वाटेत कुठे थांबला होतात का? म्हणाले, मुरथलला पराठा खाल्ला ना. दुसऱ्या दिवशी म्हणाले, छे, मी कुठे थांबलोच नाही. मागे एकदा मेट्रोतून भलत्याच स्टेशनवर उतरले होते, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येत नाही. भीती वाटते. समोर लाल दिवा पेटलेला, कानाशी टूं टूं वाजतंय, आणि हे शांतपणे गाडी हाकतायत, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

तुमच्या ऑफिसातला तो ड्रायव्हर आठवतो. तोही म्हणाला होता, ‘साहब, अचानक बंद हो गई.’ तुम्ही इंजिन बघितलंत, आणि त्याच्याकडून पैसे वसूल करण्याऐवजी त्याला डोळे तपासायला पाठवलंत. गाडी मात्र त्याच दिवशी काढून घेतलीत. तो आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून रडतोय, आई त्याच्या हातात चहाचा कप देतेय आणि मी तुमच्याकडे बघायलाही तयार नाही. दोन दिवस अबोला धरला मी. शेवटी तुम्ही रागावलात. ‘उद्या त्याच्या गाडीखाली कुणी आलं, तर मग कुणाशी अबोला धरशील?’

आता ह्यांना डॉक्टरकडे चला म्हणायचं, तर जीभ रेटत नाही. गाडी चालवू नका म्हणणं तर दूरच. हे पत्र पाठवायला पत्ता नाही ते बरंच आहे, कारण तुम्ही पुन्हा तेच विचारलं असतंत.

गाडी कधीच तयार होऊन गॅरेजात उभी आहे. मी ह्यांना सांगते, पार्ट यायचाय, तो माणूस नुसता टोलवतोय. रोज सकाळी चहा घेताना हे विचारायचे, ‘झाली का गं गाडी?’ काल विचारायचं विसरले, आजही विसरले. आणि बाबा, मला हायसं वाटलं.