हूक तपासला

प्रिय खालचे,

वॉकीटॉकीवर मी तुला कायम याच नावाने हाक मारली आणि तू मला 'वरची' म्हणत आलीस, मग पत्रात तरी खरी नावं कशाला काढायची? फोनच करणार होते. पण आपण दोघी यंत्रावर बोलायला लागलो की 'डावीकडे घे, हळू, थांब' यापलीकडे जातच नाही, आणि आजचं जे आहे ते बाई, बसून निवांत सांगण्यासारखं आहे.

पाठीवरची ऑपरेशनची जखम छान भरली. उजव्या पायाची बोटं अजून माझी वाटत नाहीत, पण चालते मी, घरभर चालते. नवऱ्याने स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय. एक डबा जागेवर सापडेल तर शपथ! पण बोलायची सोय नाही, लगेच तोंड फुगतं. क्रेनच्या शिडीला मात्र रामराम ठोकावा लागणार, असं दिसतंय.

आपली ती युक्ती आठवते ना? वॉकीटॉकीवर सगळी साइट ऐकत असायची, म्हणून लघवीला जायचं असलं की मी म्हणायचे, हूक तपासायला खाली येते. मुकादमाला वाटायचं, काय काळजीने काम करते ही! पण एवढी शिडी उतरायची, परत चढायची, म्हणून पुढे पुढे मी पाणी पिणंच कमी केलं आणि दाबून ठेवायची सवय लावून घेतली. त्याचा केवढा तोरा होता मला! पुढे पाठ धरली, मग दोन्ही पायांत कळा उतरू लागल्या, आणि एक दिवस सकाळपासून लघवी लागलीच नाही, तेव्हा मला काय वाटावं? वाटलं, जमलं बुवा एकदाचं! तू विचारलंस, हूक तपासायचा नाही का, तर मी ऐटीत म्हटलं, आज गरजच नाही. बसायची जागा बधिर झाली होती, त्याचं खापर मी केबिनमधल्या खुर्चीवर फोडलं.

जेवणाच्या सुट्टीत खाली उतरले तेव्हा माझी पँट मागून ओली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. तू तुझं जाकीट माझ्या कमरेला बांधलंस. मी म्हटलं, बाटली सांडली असेल, आणि परत वर जायला शिडीला हात घातला. तेव्हा तू वॉकीटॉकी बंद केलास, खिशात टाकलास आणि हाताची घडी घालून उभी राहिलीस. खालून सिग्नल देणारीच नाही म्हटल्यावर क्रेन हलणार कशी? मुकादम तुझ्यावर खेकसला, मी त्याच्याहून जास्त. तू ढिम्म हलली नाहीस. साइटच्या गाडीत कोंबून मला घेऊन गेलीस ती थेट ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. कंबरेतली चकती सरकून खाली जाणाऱ्या नसांच्या जुडग्यावर बसली होती. मूत्राशय भरलं हे कळवणाऱ्या नसाच दबल्या, म्हणून मला लागत नव्हती, आणि भरून वाहिलं तेच पँटवर आलं. आणखी उशीर झाला असता तर आशाच नव्हती. आताही सगळं परत येईलच असं सांगता येत नाही, म्हणाल्या. मग नर्सने नळी घालून स्वतःच मूत्राशय रिकामं करायला शिकवलं. घड्याळ बघायचं आणि नळी घालायची, लागो न लागो. हे आता जन्मभर असंच, या विचाराने मी किती रडले असेन ते उशीला ठाऊक.

काल तुझी वहिनी दुकानात भेटली. म्हणाली, तू स्वतःला खात बसली आहेस. आमच्या युक्तीनेच सगळं झाकलं, मला आधी कळायला हवं होतं, असं म्हणतेस आणि म्हणून इकडे फिरकत नाहीस. वेडी आहेस का गं? तर ऐक. आज सकाळी मी चहा गाळत होते आणि ओटीपोटात काहीतरी जड झालं. आधी ओळखूच येईना. मग कळलं, अगं, लागलीय! गाळणी तिथेच टाकून भिंत धरत पळाले. दोन-चार थेंब वाटेत सांडले, खोटं कशाला बोलू. पण बाकीचं माझं मी केलं, नळीशिवाय. बाहेरून नवरा दार वाजवतोय, काय झालं म्हणून, आणि मी आत बसून हसतेय, रडतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्यात नळी सोडू नका, पण ही चांगली खूण आहे. त्यांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, तरी सांगितल्यासारखं वाटेना. ज्या शब्दांत सांगायचं ते तुझ्याखेरीज कुणाला कळणार? तेव्हा खालचे, कान देऊन ऐक. हूक तपासला. चालतोय. आता तू ये.

तुझीच,
वरची
(सध्या जमिनीवर)