बाबांच्या कार्डांचा विमा

पांढुर्णा
दि. ८ जून १९८६

ती. सौ. सुशीलाताईस,
देवीदासचा सविनय जय भीम. वि. वि.

इकडं सारे खुशाल आहेत. नगरपालिकेत नळपट्टीची वसुली चालू आहे, दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन राहिलो. प्रेमलता म्हणते, यापेक्षा ताईंची शाळा बरी, तिथं पोरं उलटून तरी बोलत नाहीत.

एक महत्त्वाचं लिहायचं आहे. बाबा स्टेशनच्या वेटिंग रूमवर कामाला होते, तेव्हा साहेब लोकांनी फेकलेल्या सिगारेटच्या पाकिटांतली चित्रांची कार्डं त्यांनी जमवली होती. ती तुझ्याकडे आहेत. आमच्या ऑफिसात भैय्याजी नावाचे विमा एजंट येतात, त्यांच्याशी बोलताना सहज विषय निघाला. ते म्हणाले की अशा जुन्या कार्डांना शौकीन लोक मोठी किंमत देतात, चोरीचा विमा उतरवून घ्या. पण त्यासाठी घर पक्कं पाहिजे आणि वस्तू लोखंडी आलमारीत पाहिजे. तुझं घर कौलारू, मागं संत्र्याचा बगीचा, कोणीही आत शिरेल. माझ्याकडे आलमारी आहे. विमा माझ्या नावानं निघेल, कार्डं तुझीच राहतील. कधी येतेस ते कळव.

भाऊजींना जय भीम. लहान भावावरची माया कमी होऊ देऊ नको.

तुझा,
देवीदास

सौंसर
दि. १९ जून १९८६

चि. देवीदास यास,
सुशीलाताईचे अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. बाबा गेले तेव्हा तूच म्हणाला होतास की हे कागद चुलीत घाला. आता त्यांना आलमारी मिळून राहिली, वाचून हसू आलं.

कार्डं किमतीची आहेत हे मला माहीत नव्हतं. बाबांना वाचता येत नव्हतं. पक्ष्याचं किंवा जहाजाचं कार्ड माझ्यासमोर ठेवायचे आणि विचारायचे, बाई, याखाली काय लिहिलं आहे? मला तरी कुठं येत होतं? मग स्टेशन मास्तरांना विचारून यायचे आणि मला सांगायचे. माझी इंग्रजीची सुरुवात तिथून झाली. वस्तू घराबाहेर काढू नको, असं तुझे भाऊजी म्हणतात. हे पहिल्यापासूनच शंकेखोर. मी त्यांना म्हटलं, देवीदास काय परका आहे? रविवारच्या बसनं मी स्वतः घेऊन येते. सारी एकत्र ठेव आणि वाळवीला जप.

प्रेमलताला आणि मुलांना आशीर्वाद. तब्येतीला सांभाळून राहा.

तुझी,
ताई

पांढुर्णा
दि. १७ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. ताईस,
देवीदासचा सविनय जय भीम. वि. वि.

कसं लिहू ते सुचत नाही. दसऱ्याला आम्ही सारे दीक्षाभूमीवर गेलो होतो. परत येऊन पाहतो तर आलमारी उघडी आणि कार्डं गायब. बाकी कशाला हात लागलेला नाही. प्रेमलता तेव्हापासून जेवली नाही.

शेळीला चारापाणी करायला घराची किल्ली शेजारच्या हिरामणकाकांकडे दिली होती. मी कोणाचं नाव घेतलं नाही. पण किल्ली कोणाकडे होती असं ठाणेदारानंच विचारलं, तर खोटं कसं सांगू? त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं आहे.

विमा कंपनीचा माणूस चौकशीला सौंसरला येईल. 'पोळ्याला मी पांढुर्ण्याला गेले होते तेव्हा कार्डं आलमारीत पाहिली,' एवढंच त्याला सांगजो. विमा होता म्हणून बरं झालं.

या वेळी तुझा आधार पाहिजे, ताई.

तुझा,
देवीदास

सौंसर
दि. २४ ऑक्टोबर १९८६

चि. देवीदास यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र हातात घेऊन मी खूप वेळ ओट्यावर बसून होते. बाबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

पण हिरामणकाकांचं तू काय लिहिलंस? बाबांच्या तिरडीला पहिला खांदा त्यांचा होता. काकांनी लोधीखेड्याला त्यांच्या मुलीचं, जयश्रीचं लग्न जुळवलं होतं. मुलाकडच्यांनी चोरीचं ऐकून सोयरीक मोडली, हे मला इथं शाळेत कळलं. ठाण्यात जा आणि माझा त्यांच्यावर संशय नाही असं लिहून दे.

दुसरं, पोळ्याला मी आले होते खरी, पण तू आलमारी उघडली नव्हतीस. किल्ली सापडत नाही म्हणाला होतास. मग पाहिली असं कसं सांगू? विम्याचा माणूस येऊन गेला. जे झालं तेच मी त्याला सांगितलं.

काकांचं काम आधी कर. तुझ्याकडून एवढीच अपेक्षा.

ताई

सौंसर
दि. २१ जानेवारी १९८७

देवीदास,

शाळेच्या मुलींना घेऊन मी नागपूरला प्रदर्शनाला गेले होते. जुनी नाणी आणि तिकिटं मांडली होती. एका टेबलावर काचेखाली बाबांची कार्डं होती.

आधी वाटलं, तशीच दुसरी असतील. टेबलामागं रघुनाथराव म्हणून म्हातारे गृहस्थ बसले होते. खंड्या पक्ष्याचं कार्ड उलटून दाखवता का, असं मी विचारलं. त्यांनी दाखवलं. मागं पेन्सिलीनं 'सुसिला' लिहिलेलं होतं. पहिलीत असताना मी तसंच लिहीत असे.

ही कुठून मिळाली, असं विचारलं तर ते म्हणाले, पोळ्याच्या आधी पांढुर्ण्याचे एक जण स्वतः घेऊन आले होते. तुझा चेहरा, तुझा चष्मा, सारं त्यांनी सांगितलं. हे नाव कोणाचं, असंही त्यांनी तुला विचारलं होतं. बहिणीचं, पण ती वारली, आता हे जपणारं कोणी नाही, असं तू म्हणालास. ते माझ्याकडे पाहत हे सांगून राहिले होते आणि मला मुलींसमोर उभं राहवेना.

तुला गरज होती तर मागायचं होतं. मी दिली असती. तू ती विकलीस, मग चोरी झाली म्हणालास आणि वरून काकांना ठाण्यात बसवलंस. तुझ्यासाठी मला खोटं बोलायला सांगितलंस.

रघुनाथराव साक्ष द्यायला तयार आहेत. तू स्वतः ठाण्यात जाऊन खरं सांग. या महिन्यात गेला नाहीस तर मी जाईन.

सुशीला

पांढुर्णा
दि. २८ जानेवारी १९८७

ती. सौ. ताईस सविनय जय भीम.

तू वारलीस असं मी म्हटलं नाही. लग्न होऊन गेली, असं म्हटलं होतं. त्या म्हाताऱ्याला नीट ऐकू येत नाही.

मुलगा मी होतो, पण बाबांनी कार्डं तुला दिली. शाळाही तुलाच जास्त शिकवली. हे कधी बोललो नाही, आज बोलून राहिलो. तू ठाण्यात गेलीस तर माझी नोकरी जाईल. मुलांची तोंडं आठव. काकांचं म्हणशील तर त्यांना पोलिसांनी सोडलं आहे. म्हातारा माणूस आहे, लोक विसरून जातात.

घरातली गोष्ट घरात राहू दे. बाबा असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं.

देवीदास

पांढुर्णा
दि. २० मे १९८७

ती. सौ. ताईंस,
प्रेमलताचा सविनय जय भीम. वि. वि.

तुम्ही ठाण्यात जबाब दिला तेव्हापासून यांनी तुमचं नाव घरात घेऊ दिलं नाही. हे पत्र मी यांच्या नकळत टाकते आहे. नोकरीवरून यांना घरी बसवलं आहे, केस चालू आहे. ताईनं कागदांसाठी भाऊ विकला, असं नातेवाइकांना सांगत फिरतात. मला सारं माहीत होतं, असं तुम्हाला वाटत असेल. मला माहीत नव्हतं. मी खरंच जेवले नव्हते, ताई.

तुम्ही आणि भाऊजी लोधीखेड्याला गेलात, मुलाच्या वडिलांशी बोललात, म्हणून जयश्रीचं जमलं. काल लग्न झालं. तुम्ही शाळेच्या कामामुळं आला नाहीत, म्हणून लिहिते.

आठ दिवसांपूर्वी काका आमच्या दारात लग्नाला बोलवायला आले होते. हे आतल्या खोलीत गेले आणि घरी नाही म्हणून सांग म्हणाले. मी तसं सांगितलं. आत यांना खोकला आला. काकांनी ऐकला. मला म्हणाले, देवीदासले सांगजो, वाढायला माणसं कमी आहेत, लवकर येजो.

हे गेले नाहीत. मी मुलांना घेऊन गेले. मान खाली घालून बायकांच्या पंगतीत बसले. लोधीखेड्याच्या पाहुण्यांपैकी कोणीतरी मोठ्यानं विचारलं, रामाजींचा देवीदास दिसत नाही? काका हातात भाताचं पातेलं घेऊन उभे होते. ते म्हणाले, त्याले बरं नाही, तापानं पडला आहे. आणि मग माझ्या पानात भात वाढून पुढं गेले.

माझ्यावरचा राग सरला की दोन ओळी टाका.

आपली,
प्रेमलता