कोठीला सुतक लागू नये म्हणून

मी, रंभाबाई कोंडिबा मालपोटे, वय साठीच्या पुढे (नक्की किती ते सांगणारे कोणी उरलेले नाही), धंदा भातशेती, राहणार मुळशी, पेटा मुळशी, जिल्हा पुणे, आज पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. डोळ्यांना कमी दिसते, पण डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला माझे दीर हैबतराव कालच येऊन गेले. त्यांना चहा दिला आणि वाटेला लावले. लिहिणारे आमच्या शाळेचे वाल्मीक मास्तर आहेत. मी सांगेन तसे लिहायचे, मध्येच भाषा सुधारायची नाही, असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.

१. जुने गाव धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर आम्ही वरच्या अंगाला घर बांधले. ते घर व त्याखालची भातखाचरे यजमानांच्या मागे माझ्या नावावर आहेत. ती सर्व माझा मुलगा भिवाजी यास मिळावीत. खालच्या खाचराचा बांध दरवर्षी फुटतो, तो त्याने स्वतः घालावा, गड्यावर सोडू नये. पडवीच्या टोकाची कोठी मात्र या वाटणीत धरलेली नाही. का नाही, ते पुढे सांगते.

२. मुलगी रत्नाबाई नेऱ्यास दिली आहे. तिला माझे डोरले व तांब्याचा हंडा द्यावा. हंड्याला पोचा आहे. तो तिनेच लहानपणी पाडला, तेव्हा तक्रार करू नये. जाते, पाटा आणि घरातली बाकी भांडी सून जया हिची. इतकी वर्षे जाते तिनेच ओढले आहे, मी नुसत्या ओव्या म्हटल्या.

३. आता कोठी. आमच्याकडे आषाढ लागला की ओढे भरतात आणि वाट बंद होते. नव्या जागी पहिला पावसाळा काढला तेव्हा आमच्याकडे धड छप्पर नव्हते. मिठाचे पाणी झाले, लाकूड पेटेना, आणि माणसे ओले तांदूळ चावून झोपली. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी पडवी अडवून कोठी केली आणि सांगितले, ही बेगमी एका घराची नाही, आळीची आहे. ती रीत मी मोडलेली नाही.

भरायचे कसे, तेही लिहून ठेवावे. तांदूळ आणि नाचणी कणगीत, वर निंबाचा पाला, आणि तोंड शेणामातीने लिंपून घ्यावे. मिठाचा रांजण चुलीमागच्या भिंतीला टेकवून ठेवावा, म्हणजे पाणी सुटत नाही. काड्यापेट्या तांदळात पुरून ठेवाव्यात. रॉकेलचा डबा धान्यापासून लांब. बाळंतिणीसाठी सुंठ, ओवा आणि जुन्या लुगड्यांच्या धुतलेल्या घड्या. कंदील, दोर, पावसात डोक्यावर घ्यायची इरली. माळ्यावर वाळलेली लाकडे: एका अंगाला चुलीची, दुसऱ्या अंगाला मयताची. मयताच्या लाकडांना भाकरीसाठी हात लावायचा नाही, कितीही अडले तरी. पावसात मेलेल्या माणसालाही कोरडे लाकूड मिळायला पाहिजे. जो मागेल त्याला द्यावे. सुगी झाली की ज्याला जमेल तो आणून भरतो. कोणी भरले, कोणी नाही, हे मी कधी मनात ठेवले नाही, पुढेही कोणी ठेवू नये.

४. भिवाजीचे म्हणणे असे की आता याची गरज नाही. पुण्याच्या कारखान्यात लागल्यापासून त्याला सगळेच जुने वाटते. परवा म्हणाला, "आई, आता यष्टी येतीया, पौडाला दुकानं हायेत. ती कोठी मोडून खोली काढू, भाड्यानं जाईल." मी म्हटले, "बाबा, गेल्या पावसाळ्यात तुझी यष्टी कुटं व्हती?" गेल्या साली पुण्यात पूर आला, तेव्हा आमच्याकडचाही रस्ता खचला. दुकाने पौडला होती आणि आम्ही इकडे. भिवाजी त्या वेळी सुटीला येऊन इथेच अडकला होता आणि त्याच कोठीतला भात दोन्ही वेळा वाढून घेत होता. हे त्याला आठवत नसेल तर जयाला विचारावे, वाढणारी ती होती. पोरगा वाईट नाही, विसराळू आहे. पण विसराळू माणसाच्या हाती कोठी देऊन मला सुखाने मरता येणार नाही.

५. मग कोठी जयाला का नाही, असे कोणीही विचारील. तिनेही विचारले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आत्याबाई, माझं काय चुकलं?" तिचे काहीच चुकलेले नाही. ती मालपोट्यांची सून आहे एवढेच. आणि मालपोट्यांत कोणी मेले की कोठीला कुलूप लागते.

यजमान कोंडिबा श्रावणात गेले, पाऊस ओतत असताना. मी आतल्या खोलीत होते, बांगड्या नुकत्याच फोडल्या होत्या. बाहेर काय चालले होते ते मला सुतक फिटल्यावर कळले. भिंतीपलीकडच्या कान्हू दिघ्यांची बायको कमळ त्या आठवड्यात बाळंत झाली होती. त्यांचे छप्पर गळून चूल विझली. तिची सासू कोरडी लाकडे आणि ओवा मागायला आमच्या दारात आली. हैबतराव उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "हितं सुतक हाय. सुतकाच्या घरचं काय न्हेयाचं न्हाई. फिटल्यावर या." म्हातारी डोक्यावर पदर घेऊन तशीच परत गेली. ते मूल गारठ्याने गेले. मुलगी होती.

लाकडाला कसले सुतक? ओव्याला कसले? मी भावकीतल्या म्हाताऱ्यांना विचारले, देवळातल्या गुरवालाही विचारले. सगळे म्हणाले, रीत आहे. बरे, रीत आहे तर रीत. मला रीत मोडता आली नाही, आणि माझ्यामागे जया एकटी ती मोडील अशी आशा करणे बरोबर नाही. म्हणून मी रीतीला हात न लावता कोठीच भावकीबाहेर काढते. सुतक मालपोट्यांना लागेल, दिघ्यांना लागणार नाही. मी भर पावसात मेले तरी कोठी उघडी राहील. मला एवढेच पाहिजे. यासाठी मी कोणाशीही भांडायला तयार आहे आणि भांडलेही आहे.

६. कोठी व तिच्यातले सर्व सामान कमळ कान्हू दिघे हिला. कमळ आधी नाही म्हणाली. "मावशी, मला न्हाई जमायचं. भावकी माझ्या अंगावर येईल." मी तिला सांगितले, "तुझी चूल इझली तवा भावकी कुटं आली व्हती?" मग ती उठून कोठीत डोकावून आली आणि म्हणाली, "रांजण मोठा घ्यावा लागंल, मावशी. मीठ कमी पडतंय." तेव्हा मला कळले की माणूस बरोबर निवडले.

भरायच्या कामात जयाने तिच्या बरोबरीने उभे राहावे. दिघ्यांच्या घरी मयत झाले तर तेवढे दिवस कोठी जयाने सांभाळावी. दोन्ही घरांत एकदम झाले तर काय, असे मास्तरांनी विचारले. तर कुलूप फोडावे.

७. दीर हैबतराव यांना माझ्याकडून जमीन, भांडे, वस्त्र काहीही नाही. त्या दारातल्या शब्दांबद्दल मी त्यांना क्षमा केलेली नाही आणि मरताना करीन असेही कोणी समजू नये. मात्र ते पावसाळ्यात वारले तर मयताच्या बाजूची लाकडे कमळने त्यांना द्यावीत, चांगली जाड आणि वाळलेली बघून, हात आखडता न घेता. त्यांच्या तिरडीपुढे कोणी मागचे उकरून काढू नये. मी काढले आहे तेवढे पुरे.

८. इथवर लिहून झाल्यावर मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "रंभाबाई, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. तुमचा जीव जाईल त्या घडीला कोठी तुमचीच असणार, आणि सुतकही त्याच घडीला लागणार. हैबतराव नेमकं तेच धरून बसतील." मास्तर खरे बोलले. मी इतकी मांडणी केली आणि हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

म्हणून सहावे कलम मेल्यानंतरचे नाही, आजचे समजावे. कोठीचे बक्षीसपत्र मास्तरांनी लगेच वेगळ्या कागदावर लिहिले. उद्या ते पौडच्या कचेरीत नोंदवायचे आहे. किल्ली जयाने स्वतः खुंटीवरून काढून साक्षीदारांसमोर कमळच्या हातात दिली. तेव्हा जया रडली नाही, मी रडले. या क्षणापासून माझ्या घरात कोठी नाही.

आणि घरात मीठही नाही. अंगठा उठवून झाला की मी वाटी घेऊन कमळच्या दारात मागायला जाणार आहे. हैबतराव या वेळी पारावर बसलेले असतात. पारावरूनच जाईन.

रंभाबाई कोंडिबा मालपोटे हिची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.

लिहिणार: वाल्मीक मास्तर, बाईंच्या सांगण्यावरून, बाईंच्याच शब्दांत.

साक्षीदार: आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की मजकूर बाईंना वाचून दाखवला, त्यांनी तो कबूल करून आमच्यासमोर अंगठा उठवला. त्यानंतर बाई पारावरून चालत कमळ दिघे हिच्याकडे गेल्या व मीठ मागितले. कमळने कोठी उघडून वाटी भरून दिली. हैबतराव मालपोटे पारावरून उठून उभे राहिले. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

१. गेणबा सखाराम वाळंज
२. भिकू रामजी शेडगे

मुक्काम मुळशी, वैशाख वद्य प्रतिपदा, शके १८८४, तारीख २० मे १९६२.