दुआ कुठे संपते

आदरणीय आपा, धाकटीचा सलाम घे. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? (गेला नसेलच, औषध घेतील तर ना.) इकडे सगळे ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक कुणी नाही.

मागे आलीस तेव्हा म्हणालीस, नमाजेच्या शेवटी सलाम फिरवल्याबरोबर उठून पळू नकोस, बस जरा. तीनदा अस्तगफिरुल्लाह म्हणून माफी माग, मग ती छोटी दुआ, अल्लाहुम्मा अंतस्सलाम, व मिनकस्सलाम... अर्थही सांगितलास. हे अल्लाह, तूच सलामती आहेस, सलामती तुझ्याकडूनच येते, तू बरकतवाला, थोर, इज्जतीचा धनी. मला बाई फार आवडली. एक तर छोटी. (मी किती शिकले ते तुला माहीतच आहे. मास्तरीण दमली, मी नाही.) तेव्हापासून पाचही वेळा न चुकता म्हणते.

पण आमची खोली केवढी ते तू पाहिलंस. मुसल्ला अंथरला की एका अंगाला शिलाई मशीन, दुसऱ्या अंगाला शेगडी. तोंड किब्ल्याकडे, कान सगळे घराकडे. नमाजेत बोलता येत नाही, म्हणून दूध वर आलं की मी अल्लाहु अकबर जरा चढ्या आवाजात म्हणते. (तूही म्हणतेस, खोटं बोलू नकोस.) सुनेला कळलं तर बरं. नाही कळलं की दुआ संपते आणि त्याच दमात माझं तोंड सुटतं.

परवा विहीणबाई आल्या. मी मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होते. आमची नात, चिमणी, ओढणी बांधून मुसल्ल्यावर बसली. मान उजवीकडे, मान डावीकडे, मग हात उचलून सबंध दुआ म्हटली. एक अक्षर चुकलं नाही. विहीणबाई माशाल्लाह म्हणाल्या, मी फुगले. आणि पोरीने श्वासही न घेता, हुबेहूब माझ्या आवाजात पुढचं म्हटलं, "आंधळे, दूध! आईनं हेच शिकवून पाठवलं का?" मग आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवला. तिला वाटतं दुआ एवढी आहे, आपा!

कुणी हसलं नाही. विहीणबाईंनी लेकीला विचारलं, "हे रोज चालतं?" सून कप विसळत होती. म्हणाली, "दूध रोज कुठे उतू जातं, अम्मा." मला झाकत होती गं. मला मशीनखाली शिरावंसं वाटलं. विहीणबाईंनी चहा तसाच ठेवला आणि लेकीला, नातीला घेऊन गेल्या. परत कधी धाडणार ते बोलल्या नाहीत. मुलगा माझ्याशी बोलत नाही. दुधावर आता मीच उभी असते, ते उतू जात नाही आणि कुणाला ओरडायलाही मिळत नाही. सलामती तुझ्याकडूनच येते म्हणते, आणि तिथेच अडते. आली होती की घरात. मीच तिला हाकललं.

तुझी धाकटी

ता. क. हे स्थळ तूच आणलंस, विहीणबाई तुझ्याच गल्लीत आहेत. जा आणि सुनेला सांग, सासू आजारी आहे. नको, आजारी म्हणू नकोस. ती खरंच धावत येईल.

ता. क. आणखी एक. तू जाऊच नकोस. शुक्रवारी मीच येते. फक्त एवढं कर. अल्लाहची माफी मागायचे शब्द मला पाठ आहेत, सुनेची कशी मागतात ते कुणी शिकवलं नाही. तेवढं लिहून पाठव. छोटंसंच पाठव, म्हणजे मधेच माझं दुसरं काही सुटणार नाही.