शंभर म्हणजे जसं घडलं तसं

प्रिय दादा,

सर्वप्रथम एक जुनी तक्रार. खेडच्या लग्नात मी म्हटलेली मंगलाष्टकं तू व्हिडिओत दीडपट वेगाने पळवलीस, त्याबद्दलचा माझा निषेध मी अजून मागे घेतलेला नाही. तू गेलास म्हणून तो आपोआप रद्द झाला असं समजू नकोस. अरे, शार्दूलविक्रीडित म्हणजे वाघाचं खेळणं! तू त्याची खारीची धावपळ करून टाकलीस. सगळे नातेवाईक पोट धरून हसले, आणि तू वर म्हणालास, "शास्त्रीबोवा, नवरा-नवरी ताटकळली होती. मी फक्त अक्षता वेळेवर पाडल्या."

हे आत्ताच का उकरून काढतोय? कारण गेले आठ दिवस मी तुझ्या खुर्चीत बसतोय, तुझ्या कम्प्युटरपुढे.

तुझं वर्षश्राद्ध जवळ आलं. वहिनींच्या मनात आलं, की त्या दिवशी जमणाऱ्या मंडळींना तुझा दहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवावा. कल्पना उत्तम. अडचण एकच, तू कुठेच नाहीस! रत्नागिरीतल्या एवढ्या लग्नांचं शूटिंग केलंस आणि स्वतः जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे राहिलास. सापडलं काय, तर मांडवाच्या कापडावर पडलेली तुझी सावली, लेन्सपुढे आलेला एक अंगठा, आणि आवाज.

मग ठरलं, आवाज तर आवाज. तू न वापरलेल्या तुकड्यांतून आम्ही तो वेचतोय. "पुढे या, पुढे या, लाजू नका." "काकू, पदर." आंजर्ल्याच्या देवळाबाहेर माझ्यावर ओरडलायस, "वासू, सरक जरा, तुझ्या डोक्याने कळस झाकला!"

मला हे सॉफ्टवेअर वहिनी शिकवतायत. तुझ्या शेजारी बसून त्यांनी एवढं शिकून ठेवलंय हे मला कुठे ठाऊक? "भावजी, क्लिपवर उजवं बटण दाबा. त्यात स्पीड दिसेल. पन्नास केलंत की निम्म्या वेगाने चालेल, लांबी दुप्पट. दोनशे केलंत की उलट. शंभर म्हणजे जसं घडलं तसं."

इतकी नेटकी व्याख्या मला न्यायशास्त्रातही भेटली नव्हती.

मला राहवलं नाही. आमच्याकडे संस्कृतात पठणाच्या तीनच गती, हे मी त्यांना सांगितलं. द्रुत स्वतःच्या उजळणीसाठी, मध्यम व्यवहारासाठी, विलंबित शिष्याला शिकवण्यासाठी. वहिनी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "हे तुम्ही ह्यांनाही सांगितलं होतंत. हे म्हणायचे, वासूकडे तीनच गिअर, आणि तिसऱ्यात तो अडकलाय."

तुझं एक वाक्य जास्त वेळ ऐकू यावं म्हणून मी गुपचूप पन्नास करून पाहिलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला. "नको भावजी," वहिनी म्हणाल्या, "असे नव्हते हे." मी परत शंभर केलं.

इथवर सगळं ठीक होतं, दादा.

मंगळवारी आम्ही गार्गीच्या लग्नाची फाईल उघडली. माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न, म्हणजे तुझा आवाज भरपूर असणार. त्या व्हिडिओतला वाढपी तुला आठवतोय? मी मांडवातून पंगतीकडे जातोय, आणि माझ्या मागून एक माणूस वरणाची बादली घेऊन गाडी चुकल्यासारखा धावतोय. सगळं घर त्याला हसलं होतं. व्याह्यांनी तर विचारलं, "याला काय पंगतीमागे बक्षीस लावलं होतं काय हो?" तूही हसलास. पण आता आठवतं, तू जरा उशिरा हसलास.

त्या क्लिपवर उजवं बटण दाबलं. स्पीड, एकशे पस्तीस.

मी म्हटलं, सापडला चोर! खेडची खोड गेली नाही तर याची! पुढची क्लिप पाहिली, मी पाहुण्यांना दारापर्यंत पोहोचवतोय. एकशे चाळीस. त्यापुढे मी बोहल्यावरून उतरतोय. एकशे तीस. बाकी सगळ्या शंभर. नवरा, नवरी, बँडवाले, सगळे शंभर. फक्त जिथे मी चालतोय तिथे आवाज काढून वर सनई टाकलीस आणि वेग वाढवलास.

मी मोठ्या विजयाने वाढप्याची क्लिप शंभर केली.

वाढपी माणसासारखा चालायला लागला. आणि त्याच्या पुढे अण्णा चालत होते.

खरंच, क्षणभर मला तसंच वाटलं. तीच आखूड पावलं, पुढे कललेली मान. उजवा हात अंगाला चिकटलेला, न दिसणारी छत्री धरल्यासारखा. स्वयंपाकघरातून दारापुढच्या खळ्यात जाईपर्यंत अण्णांच्या हातातला चहा निवायचा, तशी चाल. चाल वडिलांची, सदरा मात्र माझा होता.

वैद्यांनी अण्णांच्या दुखण्याला कंपवात म्हटलं होतं. पण कंप कितीतरी नंतर आला, नाही का रे? सुरुवात चालण्यापासूनच झाली होती.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी माउसवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "हे एडिट करताना मीच विचारलं, भावजींचा स्पीड का वाढवताय? हे म्हणाले, पोरगी सासरी बसून हा व्हिडिओ शंभरदा बघणार. तिला यातून कळायला नको. मी वासूशी बोलतो."

मग बोलला का नाहीस? दादा, माझ्या टकलावर, माझ्या आवाजावर, माझ्या तीन गिअरांवर जन्मभर बोललास. आणि हे तेवढं बोलायचं राहिलं?

असं लिहिलं खरं, पण हा आरोप टिकणारा नाही. पुरावा तुझ्याच कम्प्युटरमध्ये आहे. लग्नानंतर पंधरा दिवसांनी तू मला आरे-वारेच्या किनाऱ्यावर घेऊन गेलास. म्हणालास, नवा कॅमेरा तपासायचाय. सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत मला तीनदा चालायला लावलंस. मला वाटलं, म्हाताऱ्याला नवं खेळणं मिळालंय. काल ती क्लिप सापडली. स्पीड शंभर. लाटा लाटांसारख्या येतायत, एक कुत्रं कुत्र्यासारखं धावतंय, आणि मी माझ्यासारखा चालतोय. शेवटी तुझा आवाज येतो, कधी नव्हे इतका हळू. "वासू, ऐक ना. तुझा हात बघ जरा..."

त्यावर माझा आवाज! "हात नको बघूस, आधी लाटांची लय बघ, याला म्हणतात विलंबित." आणि मग सलग चार मिनिटं माझं व्याख्यान. तू एकदा "बरं" म्हणालास. एकदा "हं" म्हणालास. मग कॅमेरा वाळूकडे वळला आणि बंद झाला. श्रावणात तू गेलास.

शाळेत माझ्या तासाला मागच्या बाकावरची मुलं वर्षभर कुरकुरतायत, सर, फळ्यावरचं अक्षर दिसत नाही. मी त्यांना म्हटलं, मोबाईल कमी बघा, डोळे सुधारतील. सदऱ्याची बटणं लागेनात तेव्हा मी शिंप्याला नावं ठेवली. आणि आज हेच पत्र बघ. वर "प्रिय दादा" केवढं ऐसपैस लिहिलंय! आणि या ओळी बघ. मुंग्या चालल्यासारख्या. मी मुद्दाम बारीक लिहीत नाहीये रे.

तर आता ऐक. आरे-वारेची क्लिप वर्षश्राद्धाच्या व्हिडिओत जाणार, तुझ्या "ऐक ना"सकट, माझ्या व्याख्यानासकट. वेगाला हात लावणार नाही. त्याआधी सोमवारी मी कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. वहिनी म्हणाल्या, मी येते. तीच क्लिप मोबाईलवर घेतलीय, म्हणजे मला तिथे व्याख्यान द्यावं लागणार नाही. डॉक्टर जे म्हणतील ते गार्गीला मी फोनवर स्वतः सांगेन, तुझ्यासारखं पुढे ढकलणार नाही. आणि ती काही म्हणायला लागली तर मध्ये बोलणार नाही. हे वचन तुला देतोय, कारण ते मोडलं तर हसणारा तूच असतास.

मला चालण्याची चिंता नाही. पण अण्णांना शेवटी तू भरवायचास, आणि सहा वर्षांची गार्गी दाराशी उभी राहून ते बघायची. ती ते विसरलेली नाही. मला भरवायची वेळ तिच्यावर येईल, याची मला फार भीती वाटते, दादा.

तुझा
वासू