बैल नसलेल्या देशातली भाजी

१४ ऑगस्ट १९९८, दुबई
व्हिजिट व्हिसा संपायला सतरा दिवस. घाबरायचं कारण नाही. कादंबरी डोक्यात पूर्ण आहे. पात्रं नाहीत, प्लॉट नाही. फक्त इथल्या भाज्या आणि त्यांची अरबी नावं. मराठीत असं कुणी केलेलं नाही. भाऊजी म्हणाले, केलं नाही त्याला कारण असेल.

१९ ऑगस्ट
ताईचा प्लॅन. ऋषिपंचमीला अनुपमावहिनी जेवायला. त्यांचे मिस्टर परेशराव, त्यांच्या कंपनीत स्टोअरकीपर हवाय. जमलं तर व्हिसा, नाहीतर एकतीसला सोलापूर. त्या उपासाला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. इंडियातून आलेला माठ कुणाच्या नांगराखालचा, कोण सांगणार? ताई म्हणाली, शार्दूल, एवढी भाजी तरी धड आण रे बाबा. मी म्हणालो, अगं, या देशात बैलच नाही! म्हणजे इथलं सगळं चालतं. ती पिशवी माझ्या हातात देऊन आत गेली. पटलं असावं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार
भाजी मार्केट. चव्वेचाळीस डिग्री. मुलुखिया: शिजली की भेंडीसारखी बुळबुळीत. बकला: ही तर आपली घोळ! सिलग: पालकाचा थोरला भाऊ. जरजीर: मुळ्याच्या पाल्यासारखा झणका. वहीत नऊ नावं. इंटरव्ह्यूची तयारी उद्यापासून.

२२ ऑगस्ट
तयारी उद्यापासून.

२४ ऑगस्ट
तुकाराम भेटला. संगमेश्वरचा. अल ऐनच्या एका मळ्यावर कामाला, पिकअपने माल आणतो. बुधवारी सकाळी भाजी घरी टाकतो म्हणाला. मळ्याबद्दल काहीतरी सांगत होता. मी पुरे म्हणून हात केला. मला फक्त नावं हवी होती.
झोप नाही. पण ते बहुतेक कादंबरीमुळे.

२६ ऑगस्ट, दुपारी साडेतीन
शांतपणे लिहितो.
भाजी झाली. वहिनींनी दोनदा घेतली. परेशराव लंच ब्रेकमध्ये आले. मी त्यांना नऊच्या नऊ नावं ऐकवली. छाप पडली. तेवढ्यात तुकाराम रिकामे क्रेट न्यायला आला. परेशरावांनी सहज विचारलं, मळा कसा आहे? तो म्हणाला, झकास सायेब, आमचा अरबाब, म्हंजे मालक, भारी हौशी, दारात ट्रॅक्टर उभा, पण म्हातारा दोन बैल जुंपून सोता नांगर धरतो.
वहिनींचा घास हातातच.
मी म्हणालो, हौसेचे बैल, म्हणजे कष्ट नाहीत. कुणी हसलं नाही. वहिनी म्हणाल्या, चौदा वर्षं उपास एकदाही मोडला नव्हता हो. तुकारामने कान धरले. म्हणाला, माफ करा वैनी, म्या या सायबांना सांगत व्हतो, त्यांनी हात केला.
ताईने माझ्याकडे बघितलं नाही. तेच जास्त वाईट.

२८ ऑगस्ट
फोन नाही. परेशराव मोठ्या मनाचे वाटतात. वाट बघणं हीसुद्धा एक तयारीच.

२९ ऑगस्ट
फोन आला! मीच उचलला. परेशराव म्हणाले, त्या तुकारामचा नंबर आहे का? स्टोअरला न विचारता सांगणारा माणूस पाहिजे. त्याच्या व्हिसाचं बघतो, इन्शाल्ला.
नंबर वहीत होता. एकेक आकडा सावकाश सांगितला. मग विचारलं, आणखी काही जागा? ते म्हणाले, यल्ला, ठेवतो.

३० ऑगस्ट
भाऊजींनी तिकीट आणलं. ताई बोलत नाही, पण प्रवासाला दशम्या करतेय.
कादंबरीचं काम आता तिकडे. अडचण एकच. सोलापुरात मला सगळ्या भाज्यांची नावं येतात.