आपल्या नावाची वात

२ सप्टें., सोमवार
मुक्ताचा पुण्याहून फोन. दसऱ्याला ह्यांना सत्तर झाली असती. जाऊन दोन वर्षं झाली तरी लेकीचं गणित चालूच. फोटोंचं छोटं पुस्तक छापतेय, घरातल्यांपुरतं. पहिल्या पानावर बाबांचं ते वाक्य हवं. "आई, तू नेहमी सांगतेस ते. लग्न ठरल्यावर तुला पत्रात लिहिलेलं."
मी लगेच सांगायला गेले. "तुझ्या नावाची वात लावून ठेवली आहे..." आणि पुढं काहीच येईना. पुढं आणखी काहीतरी होतं, हे नक्की.
त्रेचाळीस वर्षं सांगत आले ते अर्धंच, हे आज कळलं.

४ सप्टें.
पत्र नाही हे माहीत होतं, तरी ट्रंक उपसली. ते निळं आंतरदेशीय मी इतकं वाचलं की घडीवरच फाटलं. ती ओळ नेमकी घडीत. खालचा तुकडा घर बदलताना गेला, वरचा वाळवीनं खाल्ला.
ट्रंकेत सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधली वही मात्र निघाली. सिस्टर एकच ओळ वीस-वीस वेळा गिरवायला लावायच्या. अक्षर अजून तसंच आहे माझं. ओळी कसल्या होत्या, ते वाचूनही आठवत नाही.

८ सप्टें.
पुढचं जुळवून पाहतेय. 'तुझी वाट पाहतो'? ह्यांच्या तोंडी शोभत नाही. 'कधी येशील'? छे.
जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं टिपणं लिहिणारा माणूस. "चहा झाला का" आणि "छत्री घेतलीस का", ह्यापलीकडं प्रेमाचं बोललेलं आठवत नाही. त्या एका ओळीवर मी निभावलं. दुसरी कधी मागितली नाही.

११ सप्टें.
मु.नं ओळ गुगलवर टाकून पाहिली. कुठंच नाही. "म्हणजे बाबांचं स्वतःचंच आहे, आई." दिवसभर बरं वाटत राहिलं. शेवग्याच्या शेंगांची आमटी केली, एकटीसाठी.

१५ सप्टें., रवि.
सकाळच्या एसटीनं तुळजापूर. माई वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण, सोप्यात बसून कुंकवाच्या पुड्या बांधत होत्या. शहात्तर वर्षांच्या, बोटं वाकडी झालीत, तरी पुड्या त्यांनाच बांधायच्या असतात.
विचारलं, "वन्सं, हे लग्नाआधी कविता वगैरे करायचे का?"
"वसंता? आन् कविता?"
मग ओळ म्हटली. त्यांनी मान वर न करता पुरी केली.
"'आपल्या नावाची वात लावून ठेवली आहे. आपण आलात तरी ती तेवेल, न आलात तरी तेवेल. कळावे.' अगं, यजमानांच्या पत्रातलं हाय ते."
यजमान म्हणजे देवीच्या दर्शनाला सासरच्या पुजारी घराकडं पिढ्यान्‌पिढ्या उतरणारी घरं. पार बीदरपर्यंत. नवरात्राआधी प्रत्येकाला कार्ड जायचं आणि कुंकवाची पुडी. गणपती उठले की अण्णा, म्हणजे मामंजी, पोरांना इथंच ओळीनं बसवायचे. चाळीस कार्डं झाल्याशिवाय जेवण नाही.
"वसंताचं अक्षर चांगलं, म्हणून त्याच्याच बोकांडी जास्त. झोपेत बी लिहिलं असतं त्यानं."
मी हसले. खरंच हसले आधी. मग म्हटलं, "मला कधी सांगितलं नाहीत."
"काय सांगायचं? नवी नवरी तू, कॉन्व्हेंटची. पहिल्याच हळदीकुंकवाला चारचौघीत कौतुकानं सांगितलंस. आम्ही सगळ्याजणी ताटं घेऊन आत पळालो. लई हसलो, बाई. तुला नावच पडलं होतं."
"काय?"
"वातवाली."
सगळ्या घराला ठाऊक. जावांना, दिरांना, गेलेल्या सासूबाईंनासुद्धा.
"ह्यांना?"
"त्यानंच तर सांगितलं, तिला कुणी बोलू नका म्हणून."
चार पुड्या बांधल्या मी. नीट बांधल्या. मग एसटी.

१६ सप्टें.
'त्यानंच तर सांगितलं.'
दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मी ती ओळ म्हणायची आणि हे खाली बघून हसायचे. मला वाटायचं, लाजतात.

२० सप्टें.
पक्ष चालू. आज ह्यांची तिथी. खीर, वडे, भाज्या, सगळं केलं. आमसुलाची चटणी केली नाही. मुद्दाम. तिच्याशिवाय ह्यांना घास उतरायचा नाही. एवढाच राग करता आला.
पान गच्चीवर ठेवलं आणि कावळा लगेच शिवला. थांबलासुद्धा नाही. मी चिडले आहे हे ह्यांना जिवंतपणी तरी कुठं कळायचं.

२२ सप्टें.
मु.चा मेसेज: वाक्य मिळालं का? छापखाना थांबलाय.
उत्तर लिहिलं, पुसलं. 'बाबांचं नव्हतं' असं मेसेजमध्ये लिहायचं? की सगळ्यांनी मिळून माझं...

२४ सप्टें.
तुळजापूरची देवी आजपासून निद्रेला, नवरात्रापर्यंत. माईंनी पुतण्याच्या बायकोबरोबर पाकीट पाठवलं. बारा कोरी पोस्टकार्डं, अकरा पत्ते, अकरा पुड्या, अण्णांच्या हातचा मजकुराचा पिवळा कागद. बाकीच्या यजमानांना पोरं आता व्हॉट्सॲपवर देवीच्या फोटोखाली तीच ओळ पाठवतात. हे अकरा जण म्हातारे, त्यांना कार्डच लागतं. माईंची बोटं यंदा वळत नाहीत.
डोक्यात तिडीक गेली. वातवालीलाच लिहायला लावायचं?
फोन केला. माई म्हणाल्या, "रागावलीस व्हय? तुझ्याइतकं चांगलं अक्षर ह्या घरात आता कुणाचं न्हाय, म्हणून धाडलं. नको असलं तर परत दे." आणि मग, "हसलो ते चुकलंच. पण तेव्हा पोरकटच होतो गं."
कार्डं ठेवून घेतली.

२७ सप्टें.
दुपारी बसले. पहिलं कार्ड जपून लिहिलं. दुसऱ्यात हात सरावला. चौथ्या-पाचव्यात नुसतं अक्षर उरलं. आमसूल संपलंय, आणायला हवं, असं मनात चालू आणि हात 'लावून ठेवली आहे' लिहितोय. म्हणजे हे असंच लिहीत असणार. माझंही असंच लिहिलं असणार. पेन खाली ठेवून रडले थोडी.
सातवं सास्तूरचं, एका बाईंचं. पत्त्याशेजारी माईंची बारीक टीप: 'भूकंपानंतर एकट्या. चालवत नाही, येणं होत नाही. उत्तर मात्र दर वर्षी.'
'न आलात तरी तेवेल' इथं हात अडला. ह्या बाईंना हे कुणीतरी मनापासून लिहायला हवं होतं. मी लिहिलं. एकेक शब्द, सावकाश.
पुढची चार तशीच सावकाश झाली.

२८ सप्टें.
अकरा कार्डं, पुड्या पाकिटांत घालून, पोस्टात टाकली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, किती सुंदर अक्षर. पत्रं कुणाला?" ओळखीच्या लोकांना, म्हटलं.
माईंना कळवलं. "जेवलीस का?" एवढंच विचारलं त्यांनी.

२९ सप्टें., रवि.
मु.ला उद्या सकाळी सांगायचंय, नाहीतर पहिलं पान कोरं जाईल.
सकाळपासून एकच घोळतंय. माझ्या पत्रात दुसरा अर्धा होता का? होता, तर लग्न ठरलेल्या मुलीला 'न आलीस तरी' लिहिणारा माणूस एकतर झोपेत लिहीत होता, नाहीतर पूर्ण जागा होता. नव्हता, तर अर्ध्यावर हात थांबवला, तो कशासाठी? आणि 'आपल्या'चं 'तुझ्या' केलं, ते तर ह्यांनीच. अण्णांच्या कागदावर 'तुझ्या' कुठंच नाही.
सांगायला ते नाहीत. होते तेव्हा हसून खाली बघायचे.
माईंनी एक कार्ड जास्तीचं दिलं होतं, खराब झालं तर म्हणून. खराब झालं नाही एकही. त्या बाराव्यावर मघाशी पत्ता घातला. माझाच, धाराशिवचा. पलीकडं लिहिलं, 'तुझ्या नावाची वात लावून ठेवली आहे.'
खाली दोन ओळींची जागा उरलीय. आमसूल आणलंय, आधी ह्यांची राहिलेली चटणी वाटते.